झिंक लावलंय तरी पंखा का खाल्ला जातोय? बोटीच्या धातूंची काळजी कशी घ्यायची

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, म्हणजे बुडाखालचं सगळं उघड्यावर दिसायचा हाच काय तो काळ. आणि दरवर्षी याच काळात जेट्टीवर तीच चर्चा, नवीन झिंक (बाकीचे धातू वाचवायला बोटीला लावतात तो जस्ताचा तुकडा) मारलं होतं तरी शाफ्टला, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याला, खड्डे कसे पडले, पंखा (प्रॉपेलर) गुलाबी का दिसतोय, सुकाणूची पिन अर्धी कशी झाली. उत्तर पण ठरलेलं, अजून दोन झिंक मार. माझं म्हणणं एवढंच की झिंक विकत घ्यायच्या आधी एक तास घालवा आणि बोटीवर कुठला धातू कुठल्या धातूला टेकलाय ते बघा, आणि तुमचं जुनं झिंक मुळात कशाला जोडलेलं होतं का तेही बघा. मिरकरवाडा असो, हर्णे असो की मालवण, न जोडलेलं झिंक जागोजागी दिसतं.

थोडं शास्त्र सांगतो, कंटाळा करू नका. दोन वेगवेगळे धातू, खारं पाणी, आणि दोघांना जोडणारी वाट, मग ती वायर असेल, बोल्ट असेल किंवा नुसता स्पर्श. तिन्ही एकत्र आले की बॅटरी तयार झाली, करंट चालू झाला आणि दोघांपैकी एक धातू विरघळायला लागला. कुठला विरघळणार ते आधीच ठरलेलं असतं. समुद्राच्या पाण्यात क्रम साधारण असा: मॅग्नेशियम, झिंक, ॲल्युमिनियम, साधं लोखंड, मग पितळ, तांबं, गनमेटल (एक प्रकारचं ब्रॉन्झ), मग एसएस (स्टेनलेस स्टील), आणि पार शेवटी ग्रॅफाइट आणि कार्बन फायबर. जोडीतला जो या क्रमात आधी येतो तो मरतो, नंतरचा मजेत राहतो. झिंक आपण मुद्दाम बळीचा बकरा म्हणून लावतो, ते आधी मरावं आणि शाफ्ट-पंखा वाचावा म्हणून. (अशा बळीच्या तुकड्याला ॲनोड म्हणतात. ॲल्युमिनियमचे जे तयार ॲनोड मिळतात ते खास मिश्रधातूचे असतात आणि ते क्रमात झिंकच्याही थोडे आधी येतात, त्यावर नंतर येतो.)

आता यातून सरळ निघणारी गोष्ट. झिंक वर्षभराने काढलं आणि ते जसंच्या तसं, कडा पण शाबूत, तर खूश होऊ नका. ते काम करत नव्हतं. एकतर ते जोडलेलं नाही, किंवा त्याच्यावर रंग मारलाय, किंवा माल भेसळीचा आहे. पावसाळ्यात बूड रंगवताना पोरं झिंकवरूनही ब्रश फिरवतात, दिसायला छान दिसतं पण ते झिंक त्या दिवशी मेलं. झिंकला रंग नाही, ग्रीस नाही, काही नाही. रंगकाम करताना त्याला कागद आणि मास्किंग टेप लावा आणि नंतर तो कागद आठवणीने काढा, कारण कागदासकट पाण्यात गेलेल्या बोटी पण असतात.

जोडणी, खरा घोळ इथे आहे

लोखंडी बोट असेल तर सोपं, झिंकचा पट्टा हलला (बोटीच्या सांगाड्याला) वेल्ड करा की जोडलं गेलं. फायबर आणि लाकडी बोटीत हल वीज वाहत नाही, तिथे बुडाला बोल्टने झिंक मारून टाकलं आणि आतून वायर नाही काढली तर ते झिंक नुसतं ओझं. आतल्या बाजूला त्या बोल्टवरून वायर काढून ती इंजिनला, शाफ्टला आणि सुकाणूच्या दांड्याला जोडायला हवी. वायर टिन्ड कॉपरची (कथलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची) घ्या, साधारण १० स्क्वेअर एमएमची, टोकाला लग (धातूची कडी) दाबून बसवलेला, आणि सगळे जॉइंट बुडातल्या पाण्याच्या वर ठेवा. साधी तांब्याची वायर लावली तर दोन सीझनमध्ये आतून हिरवी होते आणि बाहेरून तुम्हाला काही कळत नाही.

शाफ्टबद्दल वेगळं सांगतो कारण इथे चांगले चांगले मेकॅनिक फसतात. इंजिनला वायर जोडली म्हणजे शाफ्ट पण जोडला गेला असं वाटतं, पण मध्ये गिअरबॉक्स आहे, त्यात तेलाचा थर आहे, आणि बऱ्याच बोटींना रबरी कपलिंग आहे, रबरातून करंट जाणार कसा? म्हणजे शाफ्ट आणि पंखा एका बाजूला, झिंक दुसऱ्या बाजूला, मधली वाट बंद. उपाय दोन. कपलिंगच्या दोन्ही फ्लँजना जोडणारी एक तांब्याची लवचिक पट्टी टाकायची, पण गिअरबॉक्समधला तेलाचा थर राहतोच, म्हणून शाफ्टवर घासत राहणारा ब्रश लावला तर जास्त भरवशाचं. किंवा सरळ शाफ्टवरच बसणारं कॉलर झिंक घ्यायचं, दोन अर्धगोल येतात, ॲलन बोल्टने आवळायचे. छोट्या बोटीला मला हेच पटतं, वायरचा घोळच नाही. फक्त बसवायच्या आधी शाफ्ट तिथे एमरी पेपरने लख्ख करा, कॉलरची आतली बाजू पण घासा, आणि आवळून झाल्यावर हातोडीने हलकं ठोकून परत एकदा आवळा. रबर बेअरिंगला चिकटवून बसवू नका, थोडी जागा सोडा, नाहीतर बेअरिंगला पाणी मिळत नाही आणि झिंक वाचवता वाचवता बेअरिंग जळतं.

जोडणी नीट आहे का ते मीटरने बघता येतं. मीटर रेझिस्टन्सवर ठेवा, आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून किती दाखवतो ते बघा, मग एक प्रोब झिंकवर आणि एक पंख्यावर. दोन्ही रीडिंग जवळपास सारखी यायला हवीत. खरं तर ०.०१ ओहमपेक्षा कमी हवं पण साधा मीटर एवढं बारीक दाखवत नाही, म्हणून फरक बघायचा. अर्धा-एक ओहमचा फरक आला तरी जॉइंट उघडून साफ करा. ही टेस्ट बोट वर असताना, सगळं कोरडं असताना करा, पाण्यात रीडिंग फसवतं.

माल कुठला घ्यायचा

झिंक म्हणजे कुठलंही जस्त नाही. भंगारातलं जस्त वितळवून ओतलेल्या प्लेट स्वस्त मिळतात आणि वजनाने पण छान लागतात, पण त्यात लोखंड मिसळलेलं असतं. ॲनोडच्या झिंकमध्ये लोखंड ०.००५ टक्क्यांच्या वर गेलं की पृष्ठभागावर एक घट्ट थर बसतो आणि झिंक काम करायचं बंद होतं. दुकानदाराला अमेरिकन लष्कराच्या मिल-स्पेक १८००१ चा माल आहे का विचारा, झिंक ॲनोडचा तोच जुना मापदंड आहे. त्याला माहीत नसेल तर दुसरं दुकान. आणि प्लेटच्या आत स्टीलची पट्टी ओतलेली आहे ना ते बघा, कारण नुसत्या झिंकमधून बोल्ट घातला असेल तर बोल्टच्या भोवतीचं झिंक आधी खाल्लं जातं आणि प्लेट ढिली होऊन समुद्रात.

ॲल्युमिनियमचे ॲनोड आता मिळायला लागलेत आणि खाडीत राहणाऱ्या बोटींना मी तेच सांगेन. पावसाळ्यात मांडवी घ्या किंवा आपली कुठलीही खाडी, पाणी निम्मं गोडं होतं, आणि गोड्या पाण्यात झिंकवर पांढरा थर बसून ते झोपतं, नंतर परत समुद्रात नेलं तरी नीट जागं होत नाही. ॲल्युमिनियमचा ॲनोड दोन्हीकडे चालतो. शिवाय वजनाच्या मानाने टिकतो जास्त, एक किलो झिंक साधारण ७८० ॲम्पिअर-तास देतं आणि ॲल्युमिनियम २५०० च्या आसपास. हिशोब करून बघा, तुमच्या शाफ्ट-पंख्याला १०० मिलिॲम्प लागत असतील तर एक किलो झिंक साडेदहा महिने जाईल, आणि निम्मं संपलं की बदलायचं असतं म्हणजे पाचच महिने धरा. पण खिडकीच्या भंगार सेक्शनमधून कापलेला ॲल्युमिनियमचा तुकडा म्हणजे ॲनोड नव्हे, खऱ्या ॲनोडमध्ये इंडियम आणि झिंक मिसळलेलं असतं, साध्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर येतो आणि विषय संपला. एकाच बोटीवर अर्धे झिंक आणि अर्धे ॲल्युमिनियम असं पण करू नका, ॲल्युमिनियम झिंकलाच वाचवत बसतं. मॅग्नेशियम फक्त गोड्या पाण्यासाठी, धरणात, तलावात बोट असेल तर. समुद्रात ते आठवड्यांत संपतं, आणि आउटबोर्डला (बोटीच्या मागे बाहेर लावलेल्या इंजिनला) लावलं तर इतका जोर करतं की ॲल्युमिनियमचा पायच, म्हणजे इंजिनचा पाण्यात जाणारा खालचा भाग, उलटा खराब होऊ शकतो.

आउटबोर्डवाल्यांसाठी

तारकर्ली-मालवणला डायव्हिंगच्या, पॅरासेलिंगच्या बोटी चालवणारे, छोटी फायबर आणि ओबीएम (आउटबोर्ड मोटर) वापरणारे, तुमचा अख्खा पाय ॲल्युमिनियमचा आहे, म्हणजे क्रमात जवळपास सगळ्यात आधी मरणारा. कंपनी तीन-चार ठिकाणी ॲनोड देते, पंख्याच्या वरचा छोटा पंखासारखा तुकडा, ब्रॅकेटखालची पट्टी, आणि काही मॉडेलमध्ये इंजिन ब्लॉकच्या आत पण असतात जे कोणी कधी उघडत नाही. आतले पण सर्व्हिसिंगला बघायला सांगा. उभी बोट असताना पाय पूर्ण वर उचला, अर्धवट नको, कारण अर्धवट उचलल्यावर ॲनोड हवेत आणि गिअरकेस पाण्यात अशी स्थिती होते, हवेतला ॲनोड काही वाचवत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बुडाचा तांब्याचा अँटीफाउलिंग रंग (शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून मारतात तो) उरला म्हणून तोच आउटबोर्डच्या पायाला मारणे. ॲल्युमिनियमवर तांबं! यापेक्षा सोपी बॅटरी बनवता येणार नाही. पायाला तांबं नसलेला रंग घ्या, त्याखाली चांगला इपॉक्सी प्रायमर, आणि बुडाचा तांब्याचा रंग पण पायापासून हाताची एक-दोन बोटं लांब थांबवा. ॲल्युमिनियमचा पंखा काढून स्टेनलेसचा लावला असेल तर झिंक लवकर संपणार हे धरून चाला आणि दर महिन्याला बघा. बाकी गोड्या पाण्याने फ्लश करणं वगैरे तुम्हाला माहीतच आहे.

धातू एकत्र करताना

नियम एक लक्षात ठेवा, मरणारा धातू मोठा असू दे आणि न मरणारा छोटा. ॲल्युमिनियमच्या मोठ्या पत्र्याला एसएसचे चार बोल्ट, एकवेळ चालून जातं. एसएसच्या पत्र्याला ॲल्युमिनियमचे रिव्हेट, गेले, थोड्याच दिवसांत पावडर. १७६१ साली ब्रिटिश नौदलाने एचएमएस अलार्म या लाकडी जहाजाच्या बुडाला तांब्याचे पत्रे मारले आणि ठोकले लोखंडी खिळ्यांनी. दोन वर्षांनी बघितलं तर बरेच खिळे विरघळून गेलेले आणि पत्रे सुटायला आलेले. पण गंमत अशी की जिथे पत्र्याला गुंडाळून आलेला कागद खिळा आणि तांब्याच्या मध्ये राहून गेला होता तिथले खिळे चांगले होते. वॉशरचं सगळं शास्त्र त्या कागदात आहे.

आपल्याकडे कागदाऐवजी नायलॉनचा वॉशर आणि बोल्टच्या अंगावर नायलॉनची नळी. दोन्ही पाहिजेत, नुसता वॉशर घातला आणि बोल्ट भोकाच्या आतून पत्र्याला घासत असेल तर काही उपयोग नाही. नळी बसत नसेल तर ड्युरालॅकसारखी पेस्ट किंवा सरळ पॉलीसल्फाइड सीलंट, बोल्ट पूर्ण माखून घाला. हे डेकवरच्या फिटिंगलाही लागू, खारा वारा आणि दव एवढं पाणी पुरतं.

ग्लँडच्या दोरीचं कोणी बोलत नाही. शाफ्ट ज्या नळीतून बोटीबाहेर जातो त्या स्टर्न ट्यूबच्या ग्लँडमध्ये, पाणी आत येऊ नये म्हणून, काळी ग्रॅफाइटची दोरी भरतात कारण ती गुळगुळीत चालते आणि दुकानात पटकन मिळते. ग्रॅफाइट क्रमात पार शेवटी आहे, एसएसच्याही पलीकडे, आणि ती दोरी शाफ्टला चोवीस तास चिकटून ओली बसलेली. मग ग्लँडच्याच जागी शाफ्टला खड्डे पडतात आणि दोष शाफ्टच्या मालाला. पांढरी पीटीएफईची (टेफ्लॉनची) किंवा चरबी लावलेली जुनी सुती-तागाची दोरी घ्या.

एसएसबद्दल पण एक गैरसमज, तो म्हणजे तो गंजत नाही. ३०४ समुद्रात नको, ३१६ घ्या, त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं. तरीही एसएसला ऑक्सिजन लागतो, शिंपल्याखाली, रबर बेअरिंगच्या आत, साचलेल्या गाळात ऑक्सिजन नाही मिळाला की तिथेच सुईसारखे खोल खड्डे. म्हणून महिनोन्‌महिने खाडीत एकाच जागी उभी राहिलेली बोट रोज धंद्याला जाणाऱ्या बोटीपेक्षा जास्त खराब होते.

पितळेच्या पंख्याचं तपासायचं सोपं आहे. थोडं खरवडा. पिवळा आला तर ठीक, गुलाबी-तांबूस आला तर त्यातलं जस्त निघून गेलंय आणि उरलाय तो तांब्याचा स्पंज. हातोडीने हलकं वाजवा, चांगला पंखा खणखणतो, गेलेला भद्द वाजतो. असा पंखा वेल्डिंग करून सरळ करायला जाऊ नका, बदला. बुडातले पाणी घेणारे व्हॉल्व्ह पण बघा, नळाच्या दुकानातला पितळी कॉक बोटीला लावलेला असतो, गनमेटल घ्या, हा कॉक तुटला तर बोट बुडते.

इंजिन थंड करायला हीट एक्सचेंजर असेल तर त्यात पेन्सिल झिंक असतं, षटकोनी डोक्याच्या प्लगला लावलेलं. त्याच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, जोडणी तुटते. वर्षातून दोनदा काढा, बस.

लाकडी बोट असेल तर हात आखडता

इथे मात्र उलटं सांगणार आहे. जास्त झिंक म्हणजे जास्त संरक्षण असं लाकडी बोटीत नसतं. झिंक ज्या धातूला वाचवतं त्या धातूच्या भोवती अल्कली तयार होते, कॉस्टिक सोडाच तो, आणि ओलं लाकूड कॉस्टिकने मऊ पडतं. बोल्टच्या भोवती आतून पांढरी भुकटी आणि कापसासारखं सुटलेलं लाकूड दिसलं तर तो किडा नाही, तुमचं झिंक आहे. म्हणून लाकडी बोटीत प्रत्येक फिटिंग वायरने जोडत सुटू नका. शाफ्ट, पंखा, सुकाणू यांच्यापुरतं छोटं झिंक ठेवा, पितळी व्हॉल्व्ह एकटेच राहू द्या, एकटा धातू तसाही फार खाल्ला जात नाही. आणि तांब्याचे खिळे असलेल्या फळीत दुरुस्तीला जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) बोल्ट घालू नका, ओल्या खारट लाकडातून पण करंट जातो.

जास्त झिंकचा दुसरा तोटा इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीला १८२४ च्या सुमारासच कळला. त्याने नौदलाच्या तांब्याच्या पत्र्यांना लोखंड-जस्ताचे तुकडे लावून तांबं वाचवलं खरं, पण तांबं विरघळायचं थांबलं तशी शेवाळ-शिंपल्यांना मारणारी त्याची ताकदही गेली आणि जहाजांची बुडं भरली. तुमच्या पितळी पंख्यावर झिंक वाढवल्यापासून शिंपले जास्त धरतायत असं वाटत असेल तर वाटणं बरोबर आहे.

झिंक महिन्यात संपतंय? मग बॅटरी बघा

वर सांगितलेलं सगळं हळू चालतं, महिने लागतात. पण नवीन झिंक तीन-चार आठवड्यांत नाहीसं झालं, किंवा धातू खरवडल्यासारखा चकचकीत दिसतोय, तर दोन धातूंचं भांडण नाही, तुमच्या बॅटरीचा करंट पाण्यात गळतोय. हा प्रकार फार वाईट. एक ॲम्पिअर वर्षभर गळला तर नऊ किलो लोखंड घेऊन जातो. बहुतेक वेळा आरोपी बुडातल्या पंपाची वायर असते, काळ्या टेपने गुंडाळलेला जॉइंट आणि तो पाण्यात बुडालेला. सगळे स्विच बंद करा, बॅटरीची पॉझिटिव्ह वायर काढा, मध्ये मीटर ॲम्पिअरवर लावा. जवळपास शून्य यायला हवं. नसेल तर एक एक फ्यूज काढत जा, ज्याच्याने आकडा पडला ती लाइन. ही टेस्ट चालू असताना सेल्फ मारू नका, मीटर जाईल. जॉइंट गोंदवाल्या हीटश्रिंकने करा आणि वर टांगा.

पाण्यात उभ्या बोटीवर वेल्डिंग करताना अर्थचा चिमटा त्याच बोटीला, जिथे काम चालू आहे त्याच्या शेजारी लावा. जेट्टीवरच्या मशीनची अर्थ शेजारच्या बोटीला लावून इकडे वेल्डिंग करणारे बघितलेत, मग करंट दोन बोटींच्या मधल्या पाण्यातून जातो आणि कोणाच्या तरी बुडाचं लोखंड घेऊन जातो. जेट्टीवरून एसी लाइन घेऊन चार्जर चालवत असाल, यॉट वगैरे, तर अर्थच्या वायरमधून तुमचं झिंक शेजारच्या बोटींना पण वाचवत असतं, त्यासाठी गॅल्व्हॅनिक आयसोलेटर मिळतो तो लावून घ्या. अर्थची वायर कापून टाकणं हा उपाय नाही, त्यात माणूस मरतो.

पाण्यात उतरवल्यावर

नारळी पौर्णिमेच्या आसपास बोट पाण्यात गेली की एक रीडिंग घ्या. त्यासाठी सिल्व्हर क्लोराइडचं इलेक्ट्रोड मिळतं पण ते नसेल तर चांगल्या ॲनोडच्या झिंकचा एक घासलेला तुकडा वायरला बांधून बोटीच्या बाजूला पाण्यात सोडा, बोटीच्या कुठल्याही धातूला लागू देऊ नका. मीटर डीसी व्होल्टवर, काळी प्रोब त्या तुकड्याच्या वायरला, लाल प्रोब शाफ्टला किंवा सुकाणूच्या दांड्याला. लोखंड उघडं असेल, काही संरक्षण नसेल तर ०.४ व्होल्टच्या आसपास दाखवेल. संरक्षण चालू असेल तर ०.२५ किंवा त्याच्या खाली. ब्रॉन्झ-पितळेचं ०.७ च्या आसपास असतं ते झिंक जोडल्यावर ०.५ पर्यंत तरी उतरलं पाहिजे. आकडा इंजिनच्या झाकणाच्या आत मार्करने तारखेसकट लिहून ठेवा, पंधरा दिवसांनी परत घ्या. आकडा चढत चाललाय म्हणजे झिंक तरी कमी पडतंय किंवा जोडणी सुटतेय, आधी जोडणी बघा, ती फुकटात होते.